भोंगा वाजेपर्यंत

आधी मावशींचं सांगते, मग बाकीचं.

सोमेश्वरनगरच्या वरच्या अंगाला, डोंगराकडं जाणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी ऊसतोडीचा तळ पडतो. त्या तळावरून सगळ्यात शेवटी उठलेली कोपी, म्हणजे कामट्या वाकवून केलेली खोपटी, ज्यांची होती, त्या मावशी. नाव मला ठाऊक नाही. तेव्हा विचारायचं सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा त्यांचा ट्रॅक्टर डांबरीला लागला होता. वय पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं. साडीवर पुरुषी शर्ट, ऊस घासून घासून बाह्यांच्या कडांना झालरी सुटलेल्या. समोरच्या एका दाताच्या जागी फट. माझ्या नवऱ्यासाठी त्यांनी एकदा मोडलेली कोपी पुन्हा उभी केली. केलं ते एवढंच. पण ते केलं नसतं, तर आज आमच्या घरात डोंगराचं नावही कुणी काढलं नसतं.

मी इकडची नव्हे. माझं माहेर भंडाऱ्याकडं, जंगलाच्या कडेला. तिकडून इथं यायचं म्हणजे गाडीत एक रात्र जाते आणि वर निम्मा दिवस. शाळा मी आठवीत सोडली. सोडली म्हणजे धाकट्या भावाला सांभाळायला चार दिवस घरी राहिले, ती राहिलेच. आता बारामतीच्या एका पॅकहाऊसमध्ये डाळिंबं निवडते. पेट्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं असतं, म्हणून हात लिहिता राहिला.

नवरा कळंबचा, इंदापूर तालुक्यातला. घरची जमीन पाण्याखालची. भाजीपाला आणि थोडा ऊस. अशा घरात एवढ्या लांबून सून का आणली, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. बघायला आला त्या दिवशी बैठकीत बसल्या बसल्या त्यानंच फुलशर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"बघून घ्या. मागनं म्हनू नका."

कोपरापासून मनगटापर्यंत पांढरे डाग होते. कोड. इकडच्या मुलीकडची माणसं पोहे खाऊन, चहा पिऊन, पत्रिका जुळत नाही म्हणून निरोप धाडायची. माझ्या वडिलांनी विचारलं, "अजून कुठं आहेत?"

"पाठीवर हायती. खांद्यावर हायती. गळ्याखाली एक हाय."

न विचारलेलंही सांगतो, तो माणूस बरा असणार, एवढाच विचार मी केला. तो विचार चुकला नाही. मी भित्री आहे, माझे बहुतेक विचार चुकीचेच निघतात, म्हणून हा एक लिहून ठेवते.

तो नेहमी फुलशर्ट घालतो. भर उन्हाळ्यात, घामानं पाठ चिकटली तरी गळ्यापर्यंत बटणं. बारामतीच्या एमआयडीसीत कामाला लागला तिथंही तसंच. लोक वाईट वागतात असं नाही. हस्तांदोलनाच्या ऐनवेळी कुणाला मोबाईल आठवतो, कुणी प्रसाद घेताना हात थोडा लांब धरतं, इतकंच. तो त्याबद्दल बोलत नाही. एकदाच बोलला होता, तेही विहिरीबद्दल बोलता बोलता.

त्यांच्या वस्तीवर जुनी, दगडानं बांधलेली विहीर आहे. लहानपणी सगळी पोरं तिच्यात उड्या मारायची आणि पायऱ्या सोडून दगडांच्या फटीत बोटं घालून भिंतीनं वर चढायची. जो पायऱ्यांनी येईल तो बायल्या. हा सगळ्यांत वरचढ. हातापायाची बोटं पालीसारखी चिकटायची म्हणे. मग अंगावर डाग उठले, आणि एका दुपारी यानं उडी मारली तशी बाकीची पोरं एकेक करून पाण्यातून निघाली. "आईनं बोलावलंय" म्हणाली सगळी. यानं अंग पुसलं, शर्ट घातला आणि पुन्हा विहिरीवर गेला नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर हिंडायला गेलो ते डाळजला. तिथं धरणाचं पाणी मागं सरतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर पक्षी उतरतात. ते बघायला लांबून लोक येतात. मला तिथं पक्ष्यांपेक्षा आधी दिसलं ते उघडं रान. माझ्या गावाकडं चालायचं म्हणजे झाडाखालून. ऊन वर कुठंतरी असतं, खाली नुसते कवडसे. इथं पाण्यापासून आभाळापर्यंत काही आडवं नाही. आणि त्याच्या आधीच बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं: डागांच्या जागी कातडीला रंग नाही, म्हणजे उन्हापुढं तिला काही आडोसा नाही. भाजली की फोड येणार, आणि भाजल्या जागी नवे डाग उठायची भीती. झाका, मलम लावा, दुपारचं घरात बसा.

म्हणून मी त्याला झाकला. डोक्याला टोपी, टोपीखालून मानेवर पंचा, तोंडाला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा, हातांना मोज्यांचे पंजे. हे पंजे मी जुन्या पायमोज्यांची बोटं कापून शिवले होते. मी स्वतः पॅकहाऊसच्या बायका घालतात तसा साडीवर त्याचा जुना शर्ट चढवला आणि छत्री उघडली. दोघं पाण्याच्या कडेनं चाललो तर दुर्बीण गळ्यात अडकवलेलं एक पुण्याचं जोडपं याच्याकडं अदबीनं आलं.

"सर, तुम्ही नेहमी येता का इथं? रोहित पक्षी कुठल्या बाजूला मिळतील?"

यानं रुमाल न काढता बोट दाखवलं. "तिकडं. पन बेतानं जावा. गडबड केली की उडत्यात."

ते गेल्यावर मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"न्हाय. पन एवढं झाकून आलेला मानूस तज्ज्ञच असनार की."

पुढं ते जोडपं खरंच त्या बाजूनं हसत परत आलं, म्हणजे पक्षी तिथं होते. त्या दिवसानंतर सुट्टी आली की आम्ही निघायला लागलो.

सोमेश्वरनगरच्या वरचा डोंगर त्याला कामावरच्या कुणीतरी सांगितला. कालव्याखालचा ऊस संपतो, मग जिरायत माळ लागतो आणि माळाच्या टोकाला हा बोडका डोंगर. फार उंच नाही. पण माथ्याच्या थोडं खाली एक सरळ कातळ आहे, दोन-तीन पुरुष उंच, मधून भेगाळलेला. ते बघून हा थेट तिकडं वळला. जवळ गेला, एका भेगेत बोटं घातली, मग दुसऱ्या. मग शर्टाची बटणं काढायला लागला.

"अहो, हे काय?"

"हितं कोन हाय बघायला?"

खरंच कुणी नव्हतं. शर्ट त्यानं माझ्या हातात दिला आणि विहिरीच्या भिंतीवर चढावं तसा चढला. मी खाली छत्री धरून उभी. उघड्या अंगानं तो इतका मोकळा वावरताना मी घरातही पाहिला नव्हता. वर पोचला आणि ओरडला, "ये की वर!" मी पहिल्या टप्प्यापर्यंत गेले, कमरेइतक्या उंचीवर, आणि तिथंच दगडाला मिठी मारून बसले. त्यानं हात धरून उतरवलं. "छत्री घेऊन डोंगर चढनारी तू पैलीच," म्हणाला.

अडचण अशी की लोक नसतील तिथंच तो अंग उघडं टाकणार, आणि लोक नसतात तिथं ऊन असतं. घरात, रस्त्यात, कामावर कपडा होता म्हणून उन्हाची भीती नव्हती. ह्या एका जागेवर कपडा नको होता. मी नको म्हटलं असतं तर त्यानं ऐकलं असतं, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच म्हणवेना. विहीर एकदा सुटली होती.

मग आम्ही करार केला, भोंग्याचा.

पाळी बदलताना सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्याचा भोंगा वाजतो. तो डोंगरावर स्वच्छ ऐकू यायचा, लांबलचक, म्हशीच्या रेकण्यासारखा. सकाळच्या भोंग्यापर्यंत ऊन कोवळं असतं. तर तांबडं फुटताना वर पोचायचं, भोंगा वाजेपर्यंत त्यानं उघड्या अंगानं चढायचं, आणि भोंगा वाजला की जिथं असेल तिथून खाली यायचं. मग मलम, शर्ट, बाह्यांची बटणं आणि कातळाच्या सावलीत न्याहारी.

मोबाईल दोघांकडं होते. पण मोबाईलशी त्याला भांडता यायचं. "तुजं घड्याळ फुडं हाय." "आता कुटं वाजल्यात?" भोंग्याशी त्याला भांडता येत नव्हतं. कळंबच्या शेजारी वालचंदनगर, यंत्रांच्या कारखान्याचं गाव. तिथल्या भोंग्यावर तो उठला, भोंग्यावर शाळेत गेला, भोंग्यावर जेवला. त्यांच्या घरात आजही कुणी किती वाजले म्हणत नाही, भोंगा झाला का म्हणतात. तो वाजला की त्याचे हात आपोआप थांबायचे. हिवाळाभर असं चाललं. एकदाही त्याचं अंग लाल झालं नाही. डॉक्टरीणबाईंना मी डोंगराचं सांगितलं, भोंग्याचंही सांगितलं. त्या हसल्या. "तेवढं पाळा मग," म्हणाल्या.

हिवाळा सरला तेव्हा दोन-तीन सुट्ट्या आमच्या घरच्या कामात गेल्या. मग एका पहाटे निघालो. वाटेत उसाच्या ट्रॉल्या लागल्या नाहीत. एरवी त्यांच्या मागं मोटरसायकल रखडायची.

"आज रस्ता आपल्या बापाचा!" तो पुढून ओरडला. थोड्या वेळानं म्हणाला, "वास बी न्हाय बघ मळीचा. काय झकास हवा हाय."

डोंगराच्या फाट्याशी तळावर माणसं कोप्या मोडत होती. बांबूच्या कामट्या उपसून बाजूला रचलेल्या, पोरं भांडी बांधत होती. मला वाटलं, दुसऱ्या गावच्या फडावर चालली असतील. काय झालं होतं ते इकडच्या कुणालाही एका नजरेत कळलं असतं: कारखान्याचा पट्टा पडला होता. ऊस संपला, गाळप बंद. त्या कारखान्याचा भोंगा वाफेवरचा. बॉयलर थंड झाला की तोही मुका. मला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. त्याला असायला हवं होतं, पण त्यांच्या घरचा ऊस दुसऱ्या कारखान्याला जायचा, तो अजून चालू होता. आणि ज्या भोंग्यावर तो वाढला, तो बारा महिने वाजायचा. भोंगा थांबतो हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

त्या दिवशी आभाळ धुरकट होतं. ऊन नुसतं पसरल्यासारखं, टोचत नव्हतं. त्यानं एक नवी वाट शोधली होती, कातळाच्या उजव्या अंगानं, आणि पुन्हा पुन्हा मधूनच उतरून पुन्हा चढत होता. मी खाली सावलीत बसले होते. मला वाटायला लागलं की फार वेळ झाला. पण ते मला नेहमीच वाटतं. दूध उतू जाईल, गाडी चुकेल, दाराला कडी घातली नसेल. तो मला चिडवायचा, "तुज्या मनातला भोंगा तर घटकेघटकेला वाजतोय." म्हणून मी स्वतःला म्हटलं, बाई, थांब. खरा वाजू दे.

दोनदा वर बघून विचारलंही, "झाला का हो भोंगा?"

"न्हाय की. वाजला तर ऐकू येतोच."

मग माझ्या पायाची बोटं पोळली. बघते तर कातळाची सावली सरकत सरकत माझ्या पायाशी आली होती. इतकी आखूड मी ती कधी पाहिली नव्हती, कारण इतक्या उशिरापर्यंत आम्ही तिथं कधी बसलोच नव्हतो. वर पाहिलं. त्याच्या पाठीवरचे पांढरे डाग पांढरे राहिले नव्हते. मी त्याला हाक मारली ती कशी मारली मला आठवत नाही, पण तो एकदम खाली बघायला लागला.

उतरला तो कातळाला धरूनच उभा राहिला. घाम यायचा थांबला होता. "जरा गरगरतंय," म्हणाला आणि ओकला. शर्ट घालायला गेले तर कापड टेकवू देईना. मी छत्री त्याच्यावर धरली, पंचा पाण्यात भिजवून खांद्यावर टाकला, आणि निम्मं त्याला ओढत, निम्मं टेकवत आम्ही माळ उतरलो. त्या माळावर झाड नाही. दिसत होता तो फक्त तळ, आणि तळही रिकामा झाला होता. कोप्यांच्या जागी काळी वर्तुळं, चुलीचे दगड, आणि दोन ट्रॉल्यांचा एक ट्रॅक्टर माणसांनी, कामट्यांनी, कोंबड्यांनी भरून सुरू उभा. मावशी शेवटच्या, हातात पाण्याची कळशी घेऊन चढायच्या बेतात.

त्यांनी आम्हाला पाहिलं. कळशी खाली ठेवली.

"काय गं पोरी, काय झालं दाजींना?"

"ऊन लागलं. डोंगरावर होतो."

"डोंगरावर? काय तोडायला गेलता?"

"काही नाही. चढायला."

मावशींनी एकदा त्याच्याकडं, एकदा डोंगराकडं बघितलं. "नुसतं चढायला," म्हणाल्या. मग ट्रॉलीकडं वळून ओरडल्या, "आरं, माजी चटई काढ खाली! आन चार कामट्या!"

ट्रॅक्टरवरचा गडी वैतागला. "मावशे, आता समदं बांधलंय! गाडी चालू हाय!"

"मग बंद कर. डिझेल वाचल."

"आगं, सगळ्यांच्या खाली हाय तुजी चटई!"

"तर मग सगळं काढ. तुज्या हाताला काय मेंदी लागलीया?"

ट्रॉलीतली माणसं हसली. दोन बाया खाली उतरल्या. बाकीच्यांचं सामान उपसून त्यांनी खालून ती बांबूची चटई ओढून काढली. कोपी मोडल्याची भोकं जमिनीत तशीच होती. त्याच भोकांत मावशींनी कामट्या रोवल्या, वाकवल्या, वर चटई टाकली आणि दोरी आवळली. आता बहुतेक कोप्यांवर प्लॅस्टिकचा कागद असतो, त्याच्याखाली माणूस उकडून निघतो. चटईखाली गार होतं. जमिनीवर उसाचं वाळलेलं पाचट पसरून त्याला कुशीवर निजवला. कळशीतलं पाणी अंगावर, पंचा भिजवून वर, आणि एक बाई सुपानं वारा घालायला लागली.

तेवढ्यात त्याला भान आलं की आपण उघडे आहोत आणि समोर बाया आहेत. तो धडपडून पंचा गळ्यापर्यंत ओढायला लागला. भाजलेल्या कातडीवर कापड घासलं, कळ आली, तरी ओढत राहिला. मावशींनी त्याचा हात धरला.

"झाकू नगा, दाजी. वारं लागू द्या."

"न्हाय, ते डाग…" तो म्हणाला.

"दिसत्यात की मला. आंधळी हाय का मी?" त्या म्हणाल्या. "जळीत ऊस तोडून आलो का आमची तोंडं बघायला या. घाम गेला तितका गोरा, ऱ्हायला तितका काळा. आमी बी कबरेच. माजा नवरा तर वळखत बी न्हाय मला, म्हन्तो कुनाची बायकू घरात शिरली."

सूप हलवणारी बाई हसून हसून थांबली. "मावशे, वळखत न्हाय का वळख देत न्हाय?"

"गप गं. वारा घाल."

त्यानं पंचा सोडला. तीन अनोळखी बायांच्या समोर माझा नवरा उघड्या पाठीनं पडून राहिला आणि त्या त्याच्यावर पाणी घालत राहिल्या, वांग्याच्या वाफ्याला घालावं तसं. ट्रॅक्टरवाल्यानं खरंच इंजिन बंद केलं होतं.

मीच विचारलं, "मावशी, आज सकाळचा भोंगा झाला का?"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "कसला भोंगा? पट्टा पडला की गं. म्हनून तर चाललो घरला."

चटईखालून त्याचा आवाज आला, बारीक. "व्हय की."

त्यानं घोट घोट पाणी प्यायला सुरुवात केली, ओकलं नाही, तेव्हा मावशी उठल्या. ट्रॅक्टरवाला आता ओरडत नव्हता, नुसता बघत होता. त्यांना लांब जायचं होतं. मी चटईची दोरी सोडायला गेले तर त्यांनी माझ्या हातावर फटका मारला.

"ऊन उतरस्तवर हलवू नगंस त्यांना. ऱ्हाऊ दे ती."

"आणि तुमची चटई?"

"फुडल्या साली यायचंच हाय. कुटं जाती?"

चढल्या, ट्रॉलीच्या कडेला बसल्या, आणि जाताना म्हणाल्या, "पोरी, नुसतं चढायला जाऊ नगंस. कायतरी घिऊन तरी येत जा डोंगरावनं." ट्रॉलीच्या मागं ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलेलं होतं. तेवढीच खूण मी वाचून ठेवली, आणि ती निम्म्या ट्रॉल्यांवर असते हे मला पुढं कळलं.

ऊन कलेपर्यंत आम्ही त्या कोपीत बसलो. मग ती मोडली. चटई गुंडाळून मोटरसायकलला आडवी बांधली. तो मागं बसला, छत्री धरून, आणि मी, त्यानंच शिकवली होती तशी, हळू चालवली. बारामतीत शिरताना लोक बघत होते. ते डागांकडं बघत नव्हते, चटईकडं बघत होते.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. फोड आले, फुटले, ताप आला. डॉक्टरीणबाई रागावल्या, मग मलमपट्टी शिकवली. नवे डाग उठतात का ते कळायला पावसाळा जाऊ द्यावा लागेल, म्हणाल्या. कळंबहून आत्याबाई आल्या, माझ्या सासूबाई. चार दिवस राहिल्या. पाठीला लोणी लावू द्यावं म्हणून भांडल्या, मी लावू दिलं नाही. जाताना म्हणाल्या, "डोंगर काय भाकरी देतोय व्हय? ह्याला आता परत न्हेशील तर माज्याशी गाठ हाय." मी मान हलवली. मलाही तेच वाटत होतं.

पाठ भरत आली, पण तो घरातही फुलशर्ट घालायला लागला. पूर्वी खोलीत तरी बनियनवर असायचा. आता जेवताना बाह्यांची बटणं लावलेली. मी काही बोलले की म्हणायचा, "सवय केल्याली बरी." मला विहीर आठवायची.

चटई ठेवायला खोलीत जागा नव्हती, म्हणून घरमालकांना विचारून मी ती गच्चीवर नेली. नुसती पडून वाळवी लागेल म्हणून दोन पाईपांना बांधून उभी केली, कोपीसारखी. एका संध्याकाळी कपडे काढायला गेले तर तो तिच्याखाली बसला होता. शर्ट शेजारी घडी करून ठेवलेला. मला बघून उठला नाही.

"हितं गार लागतंय," म्हणाला.

मी कपडे काढले आणि खाली आले. मग रोज संध्याकाळी तो तिथं बसायला लागला.

पावसाळा गेला. डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली पाठ तपासली. उजव्या खांद्यावर एक नवा डाग होता, रुपयाएवढा. बाकी काही नाही. "थोडक्यात निभावलं," म्हणाल्या. त्यानं शर्ट घालता घालता विचारलं, "मग डोंगर?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यानंही माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "भोंग्याचं आता खरं नाही."

"भोंगा नगंच," तो म्हणाला. "हिला लई आधी कळतंय. ही म्हनंल तवा खाली."

त्याच हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. आदल्या दिवशी कळंबला जाऊन आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी बाजरीच्या भाकरी बांधून दिल्या. तो कातळावर जेमतेम दोन हात चढला असेल, तोच मी ओरडले, "या खाली!"

तो तसाच्या तसा उतरला. शर्ट घातला, बटणं लावली. मग म्हणाला, "अगं, अजून उजाडलं बी न्हाय."

आम्ही अंधुकशा उजेडात बसून भाकरी खाल्ली. खालून कारखान्याच्या मळीचा वास येत होता. हंगाम चालू झाला होता. बऱ्याच वेळानं भोंगा वाजला. आम्ही दोघंही हललो नाही. हळूहळू माझं ओरडणं लांबत गेलं. आता तो वरपर्यंत जातो, दोनदा जातो, आणि मीही पहिला टप्पा सोडून दुसऱ्यावर गेले आहे. छत्री खाली ठेवून.

हंगाम सुरू झाल्यापासून मी फाट्यावरच्या तळावर विचारत असते. त्या जागेवर आता दुसरी टोळी आहे. समोरचा दात पडलेल्या, म्हणून मावशींची खूण सांगितली तर एक बाई म्हणाली, "बाई, आमच्यात निम्म्यांचा पडलाय, कोनची देऊ?" तोंडाला पदर लावून सगळ्या हसल्या. मग एकीनं सांगितलं की टोळ्या दर साली त्याच कारखान्याला येतात असं नसतं, मुकादम नेईल तिकडं. कळंबच्या बाजूला, इंदापूरच्या रस्त्याला, जिथं तळ दिसेल तिथं मी गाडी थांबवायला लावते. तो न कुरकुरता थांबतो. एकदा म्हणाला, "सापडल्या तर मला बी बोलायचंय." काय ते मी विचारलं नाही.

चटई गच्चीवर आहे. उन्हानं ती थोडी तांबूस झाली आहे, एका कडेची दोरी मी बदलली. ती मी वापरते आहे, पण माझी म्हणून नाही. मावशी, तुम्ही ज्या कुठल्या तळावर असाल, एका हंगामात मी तिथं येणार. कामट्या मी रोवीन, चटई मी टाकीन, दोरी मी आवळीन, आणि तुम्ही काही म्हणालात तरी तुम्हाला हात लावू देणार नाही. तुम्ही आत बसायचं. आणि डोंगरावरून काहीतरी घेऊन यायला सांगितलं होतंत, तेही आणीन. तो शेजारी उभा असेल, बाह्या वर करून.